ओवीच्या चालीवरचा माझा नवा अल्बम: 'हीलिंग' म्हणू की नको?

रानपाखरू

नमस्कार मंडळी,

इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे. धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

मी गाणी लिहिते, चाली लावते, गाते. पोटापाण्याला दुसरी नोकरी आहे. गेली दोन वर्षं एका अल्बमचं काम चालू आहे. सात गाणी, शब्द बहुतेक माझे, वळण लोकगीतांचं. दोन ओव्या, एक पाळणा, एक भलरी (शेतात काम करताना म्हणतात ती), एक गोंधळाच्या ठेक्यावर, एक भारुडासारखं आणि शेवटचं नुसत्या टाळावर.

सुरुवात कशी झाली ते सांगते. बाबा गेल्यावर सहा महिने मला गाताच येईना. सूर लावला की घसा बंद. मग भोर तालुक्यात आत्याकडे आठ दिवस जाऊन राहिले. आत्या ७८ वर्षांची. एका दुपारी ती सुपात तांदूळ निवडत होती आणि सहज ओव्या म्हणायला लागली, भावाच्या. म्हणजे माझ्या बाबांच्याच. खडे वेचता वेचता, माझ्याकडे न बघता. मी फोन काढून रेकॉर्ड केलं आणि त्या रात्री कितीतरी दिवसांनी नीट झोपले.

आता प्रश्न असे. रेकॉर्डिंग करणारा मित्र म्हणतो, अल्बमच्या नावात 'हीलिंग' हवंच, लोक तेच शोधतात. शिवाय सगळी गाणी ४३२ हर्ट्झवर उतरवू या, म्हणजे ऐकणाऱ्याला शांत वाटेल. मला दोन्ही पटत नाही, पण का पटत नाही तेही सांगता येत नाही. तुम्ही लोक लोकसंगीतावर इतकं लिहिता, म्हणून विचारते.

अजून एक. जात्याचा खरा आवाज हवा होता. आत्याचं जातं आता गोठ्याची पायरी झालंय. मग पुण्यात जुन्या वाड्यांचं सामान विकणाऱ्याकडून एक आणलं. आवाज इतका मऊ आलाय की आम्ही दोघंही खूश आहोत. नमुना विचारपूसमध्ये, म्हणजे खाजगी निरोपात, पाठवू शकते.

बोरीबंदर

रुमाल टाकून ठेवतो. संध्याकाळी सविस्तर.

खडूस_श्रोता

अभिनंदन आणि पहिला दगड माझा.

४४० म्हणजे मधल्या सप्तकातल्या पांढरी सहाची कंपनसंख्या. १९३९ साली लंडनच्या परिषदेत वाद्यं एकमेकांशी जुळावीत म्हणून ही शिफारस झाली, पुढे १९५५ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून आली. त्यात कट नाही आणि ४३२ मध्ये जादू नाही. ती पट्टी पाव स्वरापेक्षाही कमी उतरलेली असते, एवढंच. तुमच्या आत्यांनी तांदूळ निवडताना कुठली पट्टी धरली होती ते सांगा. आणि शेवटच्या ओवीपर्यंत तीच राहिली का?

दुसरं, 'हीलिंग'. हा शब्द ऐकला की मला पंचतारांकित रिसॉर्टमधला तेलाचा वास येतो. बासरी, पाण्याचा आवाज, मागे तंबोऱ्याचं ॲप. झोप चांगली लागते हे मान्य, पण झोप लागणं आणि बरं वाटणं यात फरक आहे.

रानपाखरू

@खडूस_श्रोता, आत्ताच हार्मोनियम घेऊन तपासलं. काळी दोनच्या आसपास सुरुवात, शेवटाला पांढरी दोनपर्यंत उतरलीये. मित्राला हे 'सरळ' करायचं होतं. मी म्हटलं, हात लावू नको.

जुनी_पाटी

लहानपणी आजीसमोर बसून दळलंय, म्हणून लिहिते. आता साठी उलटली.

समोरासमोर दोघी, एकच खुंटा, चार हात. एक पाय पसरलेला, एक दुमडलेला. खालचा दगड तळी, वरचा पाळू. एका हाताने मूठभर वैरण, म्हणजे दळायचं धान्य, पाळूच्या तोंडात सोडायची, दुसरा खुंट्यावर. वैरण पडली की पाळू क्षणभर जड होते, मग सुटते. ओढताना लागणारा वेळ आणि ढकलताना लागणारा वेळ सारखा नसतो. ओवीतला तो लांबवलेला स्वर नेमका त्या अडण्या-सुटण्यातून येतो असं मला नेहमी वाटत आलंय. तालाच्या वह्या लिहिणाऱ्यांनी कधी हातात खुंटा धरलेला नसतो.

रानपाखरू, तुम्ही क्लिकवर, म्हणजे कानात लय मोजणारी टिकटिक लावून, गायलात का? खरं सांगा.

आणि एक माहिती, वाद घालणाऱ्यांसाठी. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका ओवी गातात असा उल्लेख आहे. पण तिथे दळताना नव्हे, कांडताना म्हटलंय. म्हणजे मुसळावर. ओवी जात्याची, हे आपण इतकं धरून बसलोय की उखळ विसरलो. तुमच्या आत्यांनी तांदूळ निवडताना म्हटली, त्यात चुकलं काहीच नाही. हात कामात असले की झालं.

रानपाखरू

क्लिकवर गायले. :( पहिली दोन्ही गाणी. काहीतरी चुकतंय हे कळत होतं, काय ते कळत नव्हतं.

डॉक्टर_दुपारचे

ओपीडी संपली, आता बोलतो. 'गाण्याने रोग बरे होतात' छापाच्या फॉरवर्डांचा मला तिटकारा आहे, पण 'काहीच होत नाही' हेही खरं नाही.

२००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटा अभ्यास आला होता, २३ निरोगी माणसांवर. लॅटिनमधली 'आवे मारिया' किंवा बौद्ध मंत्र म्हणायला लावला की श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा जास्त चांगला प्रतिसाद देते, असं त्यांना दिसलं. मंत्रात काय शब्द आहेत याच्याशी त्याचा संबंध नव्हता, ओळीच्या लांबीशी होता. एका श्वासात एक लांब ओळ म्हणायची आणि मग श्वास घ्यायचा. ओवी कशी म्हणतात आठवा.

दुसरा २०१८ चा, ब्रिटनमधला. बाळंतपणानंतर नैराश्याची लक्षणं असलेल्या १३४ आयांचे तीन गट केले. एक गट दहा आठवडे एकत्र गायचा, दुसरा बाळांबरोबर खेळायचा, तिसऱ्याला नेहमीचेच उपचार. ज्यांचा त्रास मध्यम ते तीव्र होता त्यांच्यात गाणाऱ्या गटाला लवकर आराम पडला. लवकर, हा शब्द महत्त्वाचा. शेवटी बऱ्या सगळ्याच गटांतल्या झाल्या.

दोन्हींतली मंडळी स्वतः तोंड उघडून म्हणत होती, हेडफोन लावून ऐकत नव्हती. तेव्हा रानपाखरू, तुमच्या अल्बमने बरं कोणाला वाटेल तर जो बरोबर म्हणेल त्याला. चाली अशा ठेवा की बाकीच्यांनाही म्हणता येतील. फार हरकती घालू नका.

आणि ज्यांचं दुःख गाण्याच्या पलीकडे गेलंय, झोप नाही, जेवण नाही, जगू नये असं वाटतं, त्यांनी माणसाशी बोलावं. सरकारची टेलि-मानस सेवा आहे, १४४१६ वर, मराठीतही बोलता येतं. अल्बमच्या माहितीत हा नंबर टाकलात तर 'हीलिंग' शब्दापेक्षा उपयोगी पडेल.

बोरीबंदर

डॉक्टरांना अनुमोदन. वाचनखूण साठवली आहे.

सिन्नरकर

उशिरा आलो. 'हीलिंग'ला मराठीत काय म्हणायचं यावर माझं मत: उभारी. पण उभारी आणि शांतता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडे लोकगीतांनी दुसरीपेक्षा पहिलीचं काम जास्त केलंय.

आमच्या तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक. जन्म १९२२. स्वतः लिहायचे, स्वतः गायचे, गावोगाव हिंडायचे. आजच्या भाषेत सिंगर-साँगरायटरच. अक्षरओळख झाली ती मोठेपणी. माझे आजोबा सांगायचे, रात्री वस्तीत दादांचा कार्यक्रम असला की दिवसभर वाकलेली माणसं सकाळी ताठ चालायची. तिथे कोणी डोळे मिटून बसत नसे. २००४ मध्ये दादा गेले, पण आजही भीमजयंतीला आमच्याकडे त्यांचीच गाणी पहाटेपर्यंत चालतात. त्यांच्या गाण्यातलं औषध म्हणजे 'तुझं दुःख तुझ्या नशिबाचं नाही, कोणीतरी ते तुला दिलंय' हे सांगणं. हे ऐकूनही मन हलकं होतं बरं का. रागानेही होतं.

तुमच्या सातांत एकही रागाचं गाणं नाही का?

खडूस_श्रोता

सिन्नरकर, जियो. आणि ओव्यांत राग नाही असं समजू नका. जात्यावरच्या ओव्यांचा जो मोठा संग्रह झाला, हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सुरू केलेला, तो आता 'पारी' (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) च्या संकेतस्थळावर आहे, एक लाखाहून जास्त ओव्या. त्यात माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर म्हटलेल्या ओव्या ऐका. चाल तीच दळणाची, भावही तोच घरच्या माणसाबद्दल बोलावं असा, आणि मान मात्र ताठ.

पैलतीर

इथे माझं मत सगळ्यांच्या विरुद्ध आहे, तरी लिहिते.

न्यू जर्सीत असते. मुलगी झाली तेव्हा आईचा व्हिसा झाला नाही. बाहेर बर्फ, नवरा कामावर, मी आणि बाळ. डॉक्टरांनी वर लिहिलंय त्या १३४ जणींत मी सहज बसले असते. तेव्हा मी दुःखाची गाणी बंद केली होती. मला 'वाहवत' न्यायचं नव्हतं. आई फोनवर रोज ठरल्या वेळेला पाळणा म्हणायची, तिची सकाळ, माझी रात्र. त्या पाळण्यात सगळं गोड होतं. खोटं गोड. सोन्याचा पाळणा, रेशमाची दोरी. घरात सोनं कुठलं, पाळणाही ऑनलाइन मागवलेला, चार स्क्रू कमी निघाले होते. पण मला ते खोटं हवं होतं.

म्हणून रानपाखरू, सगळ्यांच्या दबावाखाली अल्बम रडका करू नका. काही लोकांना खरंच नुसतं गोड लागतं, आणि त्यांना कमी लेखू नये.

जुनी_पाटी

पैलतीर, तुमची आई शहाणी. पाळणा बाळाला म्हणायचा असतो, तिथे गोडच हवं. ओवी बाळाला नसते, ती दगडाला सांगायची असते.

आमच्या आजीचं वाक्य आहे, 'जातं घरघरतंय तवर बोलून घ्यावं.' पहाटे सगळं घर झोपलेलं, दगडाचा आवाज मोठा, पलीकडच्या खोलीत चाल ऐकू जाते पण शब्द कळत नाहीत. सासूला वाटतं सून देवाचं म्हणतेय. सून काय काय म्हणत असते! समोर बसलेल्या जावेला तेवढं ऐकू येतं, आणि तिचंही तेच दुखणं असतं. दळण संपलं की विषयही संपला. जावेने 'काल काय म्हणालीस' असं कधी विचारायचं नाही, हा नियम.

म्हणून मला विचारायचंय, आत्यांनी आठ दिवसांत एवढ्याच ओव्या म्हटल्या? की तुम्ही निवडल्या?

रानपाखरू

पकडलंत.

निवडल्या. माझ्याकडे ४३ ओव्यांचं रेकॉर्डिंग आहे. त्यातल्या मी भावाच्या प्रेमाच्या, माहेरच्या अंगणाच्या, विठ्ठलाच्या घेतल्या आणि त्यांच्या आगेमागे माझे शब्द गुंफले. ज्या ऐकून मलाच कसंतरी झालं त्या बाजूला ठेवल्या. अल्बम 'उभारी देणारा' करायचा होता ना.

बाजूला ठेवलेल्यांतल्या दोन इथे लिहिते. आत्याला विचारून.

*पंचमीचा सण बाई, बंधू माझा नाही आला*
*उंबऱ्याशी उभी माझा पदर वला झाला*

*पहाटच्या पारी मी गं जात्यापाशी बोलते*
*डोळ्याचं मीठ माझ्या पिठामधी घोळते*

पहिली ओवी माझ्या बाबांबद्दल आहे हे मला लिहून काढताना कळलं. एका पंचमीला ते तिला आणायला गेले नव्हते. का, ते मला माहीत आहे, त्या वर्षी घरात पैसे नव्हते. आत्यालाही माहीत होतं. तरी पन्नास वर्षं तिने ती ओवी ठेवलीय, आणि बाबा गेल्यावर सहा महिन्यांनी माझ्यासमोर म्हटली.

मी ती अल्बममधून काढली कारण त्यात बाबा वाईट दिसतात.

खडूस_श्रोता

यावर मला खडूसपणे काही लिहिता येत नाहीये.

सिन्नरकर

वाईट दिसत नाहीत ताई. न आलेले दिसतात. वाट कोणाची बघतात, ते कळतं.

डॉक्टर_दुपारचे

ती झोप कुठल्या ओवीनंतर लागली होती? पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंय तुम्ही, 'त्या रात्री नीट झोपले'. त्या दुपारी या दोन्ही म्हटल्या होत्या का?

रानपाखरू

हो. पंचमीची सगळ्यांत शेवटी होती. त्यानंतर ती उठली आणि म्हणाली, चहा टाकते.

काळाकोट

धागा भावनिक झालाय, त्यात माझं कोरडं बोलणं. पण कोणीतरी विचारायला हवं. अल्बमवर आत्यांचं नाव कुठे आहे?

पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंत 'शब्द बहुतेक माझे'. त्या 'बहुतेक'मध्ये आत्या बसल्यात. आपल्याकडे अशा वेळी सर्रास 'पारंपरिक' लिहून मोकळे होतात. ओवी पारंपरिक असेल, पण ती म्हणणारी आवाजासकट एक जिवंत बाई आहे. प्रताधिकार कायद्यात सादरकर्त्याचा हक्क वेगळा आहे, ५० वर्षांचा. २०१२ च्या दुरुस्तीने त्यात दोन गोष्टी आल्या: व्यावसायिक वापर झाला तर मोबदल्यात वाटा, आणि सादरकर्ता म्हणून नाव लावून घेण्याचा हक्क. तुमच्या गाण्यात आत्यांचा खरा आवाज वापरणार असाल तर हे लागू होतं. त्यांची लेखी परवानगी घ्या, त्यांना वाचून दाखवून, समजेल अशा मराठीत. घरच्या माणसाकडून कागद कसा घ्यायचा असं वाटेल. घ्या. उद्या भांडणं घरच्यांतच होतात.

आवाज वापरणार नसाल आणि फक्त ओव्या तुम्ही गाणार असाल, तर कायद्याचं सोडा, रीत म्हणून नाव लावा. खडूस यांनी सांगितलेला तो संग्रह बघा, तिथे ओवीसोबत म्हणणारीचं नाव आणि गाव नोंदवलेलं आहे. परभणीजवळच्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचं नाव आज लोकांना माहीत आहे ते त्यामुळे. नाहीतर त्याही 'पारंपरिक' झाल्या असत्या.

बहिणाबाईंचं उदाहरण सगळ्यांना पाठ आहे, पण या बाजूने कोणी बघत नाही. शेतात, घरात काम करता करता रचलेली गाणी, लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव कवी होता, गाणी उतरून घेतली गेली, अत्र्यांपर्यंत पोहोचली, १९५२ मध्ये पुस्तक आलं. बाई आदल्या वर्षी डिसेंबरात गेल्या होत्या. मुलगा कवी नसता तर? आसोद्याची ती गाणी आज 'खानदेशी पारंपरिक' म्हणून कोणीतरी गात असतं.

बोरीबंदर

काळाकोट, हे वेगळ्या धाग्यात टाका, हरवून जाईल. +१.

मांडवी

गोव्यातून. आमच्याकडे पौषात धालो होतात, मांडावर (त्यासाठी ठरलेल्या जागी), रात्री. बायकांच्या दोन रांगा समोरासमोर, कमरेला हात, पुढे-मागे. तिथे एकटीचं गाणं नसतंच. एक रांग म्हणते, दुसरी झेलते. एखादी नवी सून गप्प असली तरी तिचं तोंड कधी हलायला लागतं ते तिलाही कळत नाही. डॉक्टरांच्या 'बरोबर म्हणण्या'वरून आठवलं. रानपाखरू, एखाद्या गाण्यात झेलायला जागा ठेवा. एक ओळ तुम्ही, पुढची ओळ मोकळी, नुसता ठेका. ऐकणारी म्हणेल.

खडूस_श्रोता

मांडवी, ही या धाग्यातली सगळ्यांत कामाची सूचना. आणि फुकट.

अवांतर: इथे कोणी जात्यावरच्या पिठाची भाकरी चांगली असते म्हणणार असेल तर त्याने आधी दोन किलो बाजरी दळून दाखवावी. आमच्या मातोश्री गिरणी आली त्या दिवशी आनंदाने रडल्या होत्या.

जुनी_पाटी

खडूस, पूर्ण सहमत. ओव्यांच्या आठवणी काढणाऱ्यांना हाताच्या घट्ट्यांच्या आठवणी नसतात. मला दोन्ही आहेत. जातं परत यावं असं मला एक दिवसही वाटलेलं नाही. त्या पहाटे कोणीतरी समोर बसलेलं असायचं, तेवढं मात्र परत मिळालेलं नाही. गिरणीत रांग असते, पण गिरणीच्या आवाजात शेजारणीला काही सांगायचं तर ओरडावं लागतं.

पैलतीर

जुनी_पाटी, तुमचं 'ओवी दगडाला' वाचून दोन दिवस विचार करत होते. पाळण्याबद्दलचं माझं मत कायम आहे. पण काल आईला फोनवर विचारलं, तेव्हा रोज पाळणा म्हणून झाल्यावर तू काय करायचीस? म्हणाली, फोन ठेवून बाथरूमचा नळ सोडायचे.

रानपाखरू

तीन आठवडे गायब होते, माफी. कामं झाली, ती सांगते.

पहिली दोन गाणी पुन्हा गायले, क्लिकशिवाय. मित्र आधी वैतागला, मग त्यानेच जमिनीवर बसून खुंटा फिरवला आणि म्हणाला, 'हे मोजता येणार नाही, सोड.' ४३२ चा विषय त्याने परत काढला नाही. ओव्या मी माझ्या सोयीच्या पट्टीत सुरू केल्या आणि जिथे उतरतील तिथे उतरू दिल्या.

पंचमीची ओवी आत घेतली. तिसऱ्या क्रमांकावर. पाळणा पूर्ण गोड ठेवलाय, पैलतीर यांच्यासाठी. भलरीत दर दुसरी ओळ मोकळी सोडली, मांडवी यांच्यासाठी. सिन्नरकर, रागाचं गाणं माझ्याच्याने जमलं नाही. प्रयत्न केला, खोटं वाटलं. पुढच्या वेळी.

काळाकोट, परवानगीचा कागद घेऊन आत्याकडे गेले होते. तिने ऐकून घेतलं, मग विचारलं, 'नाव कुनाचं घालनार?' म्हटलं, तुझं. म्हणाली, 'पंचमीची माझी हाय, तिथं घाल. बाकीच्या माझ्या आयच्या, तिच्या नावानं घाल.' मी आजीचं नाव लिहायला लागले तर म्हणाली, 'आन तिला कुनी शिकिवल्या ते बी ईचार की,' आणि हसत सुटली. तर श्रेयनामावलीत दोघींची नावं आलीत, गावांसकट. कागदावर अंगठा नाही, सही केलीय. सावकाश, पूर्ण नाव. पैशाचा वाटा मात्र तिने ऐकूनच घेतला नाही. काळाकोट, यावर काय करायचं ते विचारपूसमध्ये सांगा.

अल्बमच्या नावात 'हीलिंग' नाही. नाव अजून नाहीच. सुचवा.

काळाकोट

पैसे तिच्या नावाने खात्यात टाकत जा. नको म्हणणं हा आत्यांचा हक्क, देणं तुमचं काम.

डॉक्टर_दुपारचे

नंबर टाकलात का?

रानपाखरू

टाकला, १४४१६. मुखपृष्ठाच्या मागे.

बोरीबंदर

पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा), नव्हे, पुगाशु, गाण्यास. आत्यांनी गाणी ऐकली का? काय म्हणाल्या?

रानपाखरू

तेच सांगायचं राहिलं. तिथेच अंगणात बसून मोबाइलवर ऐकवली. पंचमीच्या ओवीला ती काही बोलली नाही, पदराने चष्मा पुसला. मग पुढचं लागलं, ज्यात नुसता जात्याचा आवाज आहे, अर्धा मिनिट, आम्हाला सगळ्यांत आवडलेला तो मऊ आवाज. तिने मोबाइल कानाशी धरला. परत लाव म्हणाली. परत लावला.

'कुनाचं जातं ह्ये?'

म्हटलं, विकत आणलंय.

'बोथट झालंय गं. ऐकू येत न्हाय व्हय तुला? नुसतं फिरतंय, दळत न्हाय. टाकी लावून घे आधी. असल्यावर भरडाच निघंल.'

तर आता टाकी लावणारा, म्हणजे छिन्नीने जात्याचा दगड पुन्हा खरखरीत करणारा, पाथरवट शोधतेय. पुण्याच्या आसपास कोणाला माहीत असेल तर कृपया विचारपूसमध्ये कळवा.